एका पानावर एकच लुगडं

फार पूर्वी, म्हणजे राजकन्यांच्या गोष्टी हलत्या-बोलत्या पडद्यावर यायच्या कितीतरी आधी, त्या कागदावर रंगवल्या जात आणि गावोगाव दाखवल्या जात. त्या काळी एका डोंगराळ राज्यात एक राजकन्या राहत होती.

तिथली रीत अशी होती, की राजकन्येच्या दर वाढदिवसाला दरबारी चित्रकारानं तिचं एक पान रंगवायचं. वर्षभरात तिनं काय काय केलं, ते सगळं त्या एका पानावर. पानांची पोथी झाली की कथेकरी ती घेऊन हिंडायचा. देवळापुढच्या पारावर बसायचा, एकेक पान वर धरायचा आणि डफावर थाप मारून गोष्ट सांगायचा. लोक हातातली कामं टाकून यायचे. राजकन्येला प्रत्यक्ष कुणीच पाहिलं नव्हतं, पण तिच्या नाकाचा शेंडा किंचित वर वळलेला आहे, हे शेळ्या राखणाऱ्या म्हातारीलासुद्धा ठाऊक होतं.

चित्रकाराच्या घराण्यात मात्र एक नियम होता. एका पानावर एकच लुगडं.

म्हणजे पुरुष कितीही चालत. घोडेस्वार, चोर, ढेरपोटे सरदार, सगळ्यांना जागा होती. बाई मात्र एकच. का, म्हणून विचारलं तर चित्रकार म्हणायचा, "आजोबांनी घालून दिलाय नियम." प्रधानाला विचारलं तर तो म्हणायचा, "दोन बायका एका पानावर आल्या की बोलत बसतात, आणि गोष्ट पुढे सरकत नाही." प्रधानाची स्वतःची बायको त्याच्याशी गेली नऊ वर्षं बोलत नव्हती, ती गोष्ट वेगळी.

पहिल्या दोन पानांवर राणी होती. राजकन्या दुपट्यात गुंडाळलेली, त्यामुळे नियम मोडत नव्हता. तिसऱ्या वर्षी राजकन्येला छोटंसं लुगडं नेसवायचं ठरलं आणि चित्रकाराला घाम फुटला. पण त्याच हिवाळ्यात राणी तापानं गेली. सगळं राज्य रडलं. चित्रकारही रडला, आणि मग, देव त्याला क्षमा करो, त्याच्या जिवाचा घोर मिटला. राजकन्यांच्या गोष्टींत आया लवकर का मरतात, असं मुलं विचारतात ना, त्याचं हे एक कारण.

पुढे तर राजवाडाच पोथीप्रमाणे चालू लागला. जे पोथीत नाही ते राजकन्येजवळ कशाला? दाईला तिच्या गावी पाठवून दिलं. स्वयंपाकाला आचारी आला, वेणीला म्हातारा न्हावी आला. त्याला वेणी येत नव्हती. तो बिचारा केसांची गाठ मारायचा आणि सुटली की पुन्हा मारायचा.

राजकन्या पाच वर्षांची झाली तेव्हा एक घोटाळा झाला. चित्रकार पान रंगवायला आला, तो आपल्या मुलीला बरोबर घेऊन आला. तिचं नाव राही. तीही पाचच वर्षांची, पण हिंगूळ खलायला बसली की मोठ्या माणसाला हार जाणार नाही. हिंगूळ म्हणजे लाल रंगाचा दगड. लुगड्याचा लाल रंग त्याचाच करत. राहीचे हात त्या रंगानं कोपरापर्यंत लाल झालेले असायचे.

चित्रकार दुपारी पेंगला. दोघी मुली बागेतल्या झाडाखाली सागरगोटे खेळत बसल्या. राही जिंकली. राजकन्येनं तिला चिमटा काढला. राहीनं तिचा गालगुच्चा घेतला आणि गालावर लाल बोटं उमटली. राजकन्या इतकी हसली की तिला उचकी लागली. अशी दुपार तिच्या आयुष्यात पहिलीच होती.

वाढदिवसाला नवं पान आलं. झाडाखाली राजकन्या बसली होती, हातात सागरगोटे होते, आणि तिच्या समोर, जिथं राही होती तिथं, एक खार होती.

सगळ्या राज्याला ती खार फार आवडली. बायकांनी गोधड्यांवर खारी टाचल्या, कुंभारानं मातीच्या खारी केल्या. राहीला मात्र राजवाड्याचं दार बंद झालं.

"मला करमत नाही," राजकन्या म्हणाली.

राजाचा तिच्यावर जीव होता. त्यानं लगेच माणसं पिटाळली आणि खरीखुरी खार आणवली. खार आठव्या दिवशी राजकन्येच्या बोटाला चावून आंब्यावर पळाली.

अकराव्या वर्षी राजकन्या पुन्हा म्हणाली, "मला करमत नाही." या वेळी घोडा आला. घोडा स्वभावानं चांगला होता. पण घोड्याशी माणूस किती बोलणार? ती बोलायची, तो मान हलवायचा, माश्याही त्याच मानेनं हाकलायचा.

अठराव्या वर्षी ती तिसऱ्यांदा म्हणाली, "मला करमत नाही."

राजाचे डोळे भरून आले. "इतकी वर्षं याच शब्दांची वाट पाहत होतो, बाळ!" असं म्हणून त्यानं सात राजपुत्र बोलावले.

त्या राज्याची समजूतच तशी होती. बाप्या 'करमत नाही' म्हणाला तर त्याला गावाला हवा पालटायला पाठवत, आणि बाई म्हणाली तर तिचं लग्न लावून देत. लग्न झालेली बाई म्हणाली तर विचारत, मूल कधी? मूल झालेली म्हणाली तर सांगत, आता कसलं करमायचं बाकी राहिलंय?

राजकन्येनं सातही राजपुत्र पाहिले. त्यांच्यात खोट काढावी असं काही नव्हतं. पाचव्यानं तर तिला बसायला पाट सरकवून दिला. पण तिला त्यांच्यातलं कुणीच नको होतं.

"मला लग्न करायचं नाही, आबासाहेब," ती म्हणाली. "मला माझा मुलूख द्या. मी तो सांभाळीन."

चित्रकार तर मोठ्या पेचात पडला. पोथीचं शेवटचं पान त्यानं आधीच रंगवून ठेवलं होतं. घोडा, हार, राजपुत्र, सगळं तयार. कुठला राजपुत्र ते ठरलं नव्हतं, म्हणून फक्त मिशा राहिल्या होत्या.

तो दोन दिवस डोक्याला हात लावून बसला. मग त्यानं नवं पान केलं. उंच गड, सोसाट्याचा वारा, मोकळे केस, हातात झेंडा, आणि बुरुजावर राजकन्या एकटी. तिच्या भोवती कुणी नाही, खारसुद्धा नाही.

कथेकरी ते पान घेऊन निघाला तेव्हा त्याला वाटलं, लोक दगड मारणार. पण पारावर त्यानं पान वर धरलं आणि बायका पुतळ्यासारख्या बघत राहिल्या. कुणी पदरानं डोळे पुसले. पोरी काठ्या घेऊन टेकाडांवर उभ्या राहायला लागल्या. एका आईनं घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, आपल्या पोरीला एवढ्यात उजवायची नाही. खोटं कशाला सांगू, त्या पानानं पुष्कळांचं भलं केलं.

राजालाही पोरीचा अभिमान वाटायला लागला. त्यानं तिला उंचावरचा एक गड आणि त्याखालची बारा गावं दिली. पण एक अट घातली. "हे तुझ्या पोथीचं शेवटचं पान. तुझ्या मनानं निवडलंस, ठीक आहे. यात बदल झाला, तर गोष्ट संपली नाही असं मी समजेन. मग ते आधीचं पान लावायचं. मिशा कुणाच्या ते मी ठरवीन."

राजकन्या आनंदानं हो म्हणाली. तिला हवं ते मिळालं होतं.

गडावर तिनं कारभार नेटका केला. टाक्याचा गाळ काढला, एका गावाचा बंद केलेला पाणवठा सगळ्यांना खुला केला, भांडणं मिटवली. दर पौर्णिमेला दुपारी ती बुरुजावर झेंडा घेऊन उभी राहायची, अगदी पोथीतल्यासारखी. पायथ्याशी लोक जमायचे, वर बघून जयजयकार करायचे आणि आपापल्या घरी जायचे.

गडावर दुसरी बाई ठेवायची सोय नव्हती. एका पानावर एकच लुगडं. पहारेकरी होते, आचारी होता, कारकून होते. सगळे अदबीनं वागायचे, खाली मान घालून बोलायचे आणि बोलून झालं की निघून जायचे. जेवायला एक पाट, एक ताट, एक वाटी. राजकन्या जेवायची तेव्हा तिला आपलंच चावणं ऐकू यायचं.

रोज सकाळी ती पूर्वेच्या तटावर जाऊन बसायची. खाली ओढ्यावर गावातल्या बायका धुणं धुवायच्या. त्यांचं बोलणं वर यायचं, पण शब्द कळायचे नाहीत. हसणं तेवढं कळायचं. एक हाक मात्र स्पष्ट ऐकू यायची, "गंगूऽ, ए गंगूऽ!" ही गंगू कोण, कशी दिसते, राजकन्येला माहीत नव्हतं. पण एखाद्या दिवशी ती हाक आली नाही, तर दिवसभर तिला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

तिला करमत नव्हतं. पण आता ते म्हणायचं कुणाला? तोंडातून शब्द निघाला असता, तर आठ दिवसांत राजपुत्रांची रांग लागली असती. प्रधान म्हणाला असता, बघा, मी म्हटलं नव्हतं? आणि त्या काठ्या घेऊन उभ्या राहिलेल्या पोरी, त्यांना त्यांच्या आयांनी हाताला धरून घरात नेलं असतं. म्हणून राजकन्या गप्प बसली. बुरुजावर मान ताठ ठेवून उभी राहिली. सहा वर्षं.

सहाव्या वर्षी गडावर ओल फार धरली. सदरेवर लावलेल्या शेवटच्या पानाला बुरशी आली आणि चित्रातल्या राजकन्येचा झेंड्याचा हात खाऊन गेली. चित्रकाराला निरोप धाडला. त्याची नजर आता अधू झाली होती. त्यानं उलट निरोप दिला, "माझं माणूस पाठवतो."

ते माणूस म्हणजे राही. लाल लुगडं, पाठीवर रंगांची पेटी. दरवाज्यावर पहारेकऱ्यानं भाला आडवा धरला.

"संगं कोण हाय?"

"कोणी न्हाई. मी एकलीच."

"बाईमाणसाला वर मुभा न्हाई. एका पानावर एकच लुगडं."

राहीनं थोडा विचार केला. मग ती एका मोठ्या दगडाआड गेली आणि पेटीवर गुंडाळलेलं बापाचं धोतर नेसून, डोक्याला मुंडासं बांधून बाहेर आली. "आता हाय का लुगडं?"

पहारेकऱ्यानं तिला खालून वर पाहिलं. "न्हाई," तो प्रामाणिकपणे म्हणाला, आणि भाला बाजूला घेतला. नियमानं वागणाऱ्या माणसाचा हा एक फायदा असतो.

सदरेवर राजकन्येनं रंगाऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्या हातांकडे पाहिलं. लाल. कोपरापर्यंत.

"तुझे हात…"

"हिंगूळ हाय, बाईसाहेब. जन्मात निघायचा न्हाई."

राजकन्येचा हात आपसूक गालावर गेला. "तू सागरगोट्यांत मला हरवलं होतंस."

राही हसली. "व्हय. त्या पानावरची खार मीच."

"तुला ठाऊक होतं? तुला खार केलं ते?"

"त्या खारीचा तपकिरी रंग मीच खलून दिला होता. बाबा म्हणाले, खल, मी खलला. आपल्यालाच पुसायला चाललेत, हे मला काय म्हाईत?"

मग राजकन्येनं आचाऱ्याला हाक मारली आणि सांगितलं, आज दोन पाट मांड.

त्या आठ दिवसांत गडावर हसण्याचा आवाज ऐकू आला, तेव्हा एक पहारेकरी भाला घेऊन धावत आला होता. त्याला वाटलं, काहीतरी झालं. राही चित्रातला हात नीट करता करता म्हणायची, "असा झेंडा कोण धरतं गं? हात भरून येत नसंल?" तोवर 'बाईसाहेब' कधीच गळून पडलं होतं.

"येतो की भरून," राजकन्या म्हणायची. "पण ते पोथीत दिसत नाही."

हात नवा झाला. आठवा दिवस उजाडला, तो नेमका पौर्णिमेचा. गावात धोतरानं कशी जाणार, म्हणून राहीनं पुन्हा आपलं लाल लुगडं नेसलं आणि निरोप घ्यायला ती बुरुजाच्या पायऱ्या चढून आली. खाली लोक जमले होते. राजकन्या झेंडा घेऊन उभी होती. वाऱ्यानं राहीचा पदर फडफडला आणि तटावरून बाहेर दिसला.

खालून कुणीतरी ओरडलं, "वर दुसरं कोण हाय?"

राजकन्येनं खाली पाहिलं. गर्दीत प्रधान उभा होता, आणि त्याच्या काखेत एक लांब नळी होती. त्या नळीत कोणतं पान आहे, हे तिला विचारावं लागलं नाही.

"मागे हो!" ती वळून राहीला म्हणाली. "पानावर येऊ नकोस!"

राही मागे झाली. पेटी उचलली आणि मागच्या वाटेनं गड उतरून गेली.

लोकांनी जयजयकार केला. प्रधान नळी घेऊन परत गेला. राजकन्येचा गड राहिला, मुलूख राहिला, गोष्ट जिथल्या तिथं राहिली. संध्याकाळी आचाऱ्यानं सवयीनं दोन पाट मांडले. मग त्याच्या लक्षात आलं, आणि त्यानं एक उचलून भिंतीला टेकवून ठेवला.

महिनाभर तो पाट तिथंच भिंतीला टेकलेला होता. राजकन्या जेवताना त्याच्याकडे बघायची नाही, म्हणजे सतत त्याच्याकडेच बघायची. यापूर्वी ती एकटी होती ते दुसऱ्यांनी केलेलं होतं. आता तिनं स्वतःच्या तोंडानं एका माणसाला मागे सारलं होतं. हे एकटेपण वेगळंच होतं. त्यात अन्नसुद्धा गोड लागत नव्हतं.

पुढची पौर्णिमा आली. दुपार झाली. लोक पायथ्याशी माना वर करून उभे राहिले. राजकन्येनं झेंडा बुरुजाला टेकवला आणि ती पायऱ्या उतरून गडाच्या दरवाज्याशी आली.

पहारेकरी गोंधळला. पण बाई बाहेर निघाली की विचारायचं ते त्यानं विचारलंच. "बाईसाहेब, संगं कोण हाय?"

"कोणी नाही," राजकन्या म्हणाली. "तेच आणायला चालले आहे."

ती गर्दीतून चालत गेली. कुणी तिला ओळखलं नाही. सगळे वर बुरुजाकडे बघत होते, आणि खाली धक्का लागला तर "बाई, जरा बघून चाला" म्हणत होते. गर्दीच्या पार कडेला शेळ्या राखणारी ती म्हातारी बसली होती. मान दुखते म्हणून ती वर बघत नव्हती.

"अगं बया," ती म्हणाली, "ह्ये तर पोथीतलं नाक! कुठं चाललीस गं, बाय?"

"चित्रकाराच्या घरी. वाट ठाऊक नाही."

"मग तोंड वर करून कुठं निघालीस? चल, मी दावते." म्हातारी उठली, शेळ्या उठल्या, आणि अशी ती वरात निघाली.

राही ओसरीवर हिंगूळ खलत बसली होती. आत खाटेवर म्हातारा चित्रकार पडला होता. राजकन्या अंगणात उभी राहिली. वाटेत तिनं खूप बोलायचं ठरवलं होतं, पण तोंडातून सहा वर्षं दाबून ठेवलेले तेच दोन शब्द बाहेर पडले.

"करमत नाही."

खल थांबला नाही. राहीनं वरही बघितलं नाही. थोड्या वेळानं ती म्हणाली,

"कुणावाचून?"

आता बघा, राजकन्या चोवीस वर्षांची होती. करमत नाही म्हटल्यावर तिला खार मिळाली होती, घोडा मिळाला होता, सात राजपुत्र मिळाले होते. पण कुणावाचून, हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

ती मटकन ओसरीच्या कडेवर बसली आणि रडायला लागली. "तुझ्यावाचून," ती म्हणाली. "आईवाचून. दाईवाचून. त्या ओढ्यावरच्या गंगूवाचून. तिला तर मी पाहिलेलंसुद्धा नाही." आणि मग डोळे पुसून म्हणाली, "मी तुला मागे हो म्हणाले. चुकलं माझं."

"चुकलंच," राही म्हणाली. "खार केली तवा तू पाच वर्सांची होतीस. त्यात तुझा दोष न्हवता. ह्या खेपेला तुझ्या तोंडानं बोललीस."

"हो."

मग राहीनं थोडं सरकून जागा केली. राजकन्या सरकून तिच्या शेजारी बसली.

आतून चित्रकार खोकला. "पोरींनो," तो म्हणाला, "एक गोष्ट मी मरायच्या आधी सांगून टाकतो. तो नियम, तो काही नियम नाही. माझ्या आजोबांनी पहिली पोथी केली, त्या साली घाट बंद झाला आणि हिंगूळ आलाच नाही. डबीच्या तळाशी होता तेवढ्यात एकच लुगडं रंगलं. त्या वेळच्या राजानं विचारलं, बाकीच्या बायका कुठे? आता भर दरबारात रंग संपला असं कसं सांगायचं? आजोबा म्हणाले, नियम आहे."

"आणि पुढच्या वर्षी?" राजकन्येनं विचारलं.

"पुढच्या वर्षी हिंगूळ आला की. पण तोवर नियम सगळीकडे पोचला होता."

शेळीवाली म्हातारी अंगणातून म्हणाली, "मेल्यांनो! रंग संपला म्हणून माझी आई, माझी आजी, समद्या पोथीभाईर?"

तेवढ्यात राजा आणि प्रधान येऊन पोचले. बुरुज रिकामा दिसल्याची बातमी घोड्यावरून गेली होती. प्रधानानं नळीतून पान काढलं आणि अंगणात पसरलं. घोडा, हार, बिनमिशांचा राजपुत्र.

"पान बदललं," प्रधान म्हणाला. "आणि शेळ्यांमागून आलेली चार माणसं सांगतात, राजकन्या 'करमत नाही' असंही म्हणाल्या."

"म्हणाले," राजकन्या म्हणाली. गड, मुलूख, सगळं त्या अंगणात पणाला लागलं होतं. "लग्न नको म्हणाले ते खरं होतं, आणि करमत नाही तेही खरं आहे. आबासाहेब, तुम्ही मला मागेन ते दिलंत. पण कुणावाचून करमत नाही, ते कधी विचारलं नाहीत."

राजानं पागोटं काढून हातात घेतलं आणि विचारलं, "कुणावाचून, बाळ?"

"आईवाचून," ती म्हणाली. "सगळ्यांत आधी आईवाचून."

राजा खाली बसला. "मलाही," तो म्हणाला. एकवीस वर्षांत तो हे कुणाजवळ बोलला नव्हता. बोलला असता तर प्रधानानं दुसऱ्या दिवशी नव्या राणीच्या पत्रिका आणल्या असत्या.

मग राजानं ते पसरलेलं पान उचललं आणि उलटं केलं. मागची बाजू कोरी होती. "राही," तो म्हणाला, "डबीत हिंगूळ आहे का?"

"काठोकाठ हाय, महाराज."

राहीनं पान रंगवायला घेतलं. आधी राजकन्या. तिच्या शेजारी राही, कोपरापर्यंत लाल हात. मग शेळीवाली म्हातारी, तिनं बजावलं होतं की नाक चपटं काढायचं नाही. एका कोपऱ्यात राणी. म्हातारा चित्रकार तिचा चेहरा आठवून आठवून सांगत होता, आणि राजा मध्येच "नाही, हनुवटी अशी नव्हती" म्हणत होता. मग दाई. मग ओढ्यावर पाठमोऱ्या बायका, त्यांतली एक गंगू. पान भरत गेलं. झेंड्याला जागाच राहिली नाही, म्हणून तो काढला नाही.

कथेकऱ्यानं ते पान गावोगाव दाखवलं. काही लोक कुरकुरले, आमची एकटी राजकन्याच बरी होती, ही फार गर्दी झाली. म्हातारी पारावर उठून म्हणाली, "घरी जाऊन दांडीवर बघा. किती लुगडी वाळत घातल्यात ते मोजा, आन मग बोला." काठ्या घेऊन उभ्या राहणाऱ्या पोरी अजूनही टेकाडावर उभ्या राहत होत्या. आता दोघीतिघी मिळून राहत, एवढंच.

सगळं गोड झालं असं मात्र समजू नका. राहीला तिचं घर होतं, म्हातारा बाप होता. ती आठवड्यातून दोनच दिवस गडावर यायची. पहारेकरी विचारायचा, "संगं कोण हाय?" आणि ती म्हणायची, "वर हाय की." उरलेले दिवस राजकन्या एकटीच जेवायची. कधीकधी दिवस मावळताना तिला आईची आठवण यायची आणि जीव नकोसा व्हायचा. राजकन्या असली म्हणून तिला ते चुकलं नाही.

पण आता ती गप्प बसत नव्हती. सकाळी पूर्वेच्या तटावर जायची, हातांचा कर्णा करायची आणि खाली ओढ्याकडे हाक मारायची,

"गंगूऽ! करमत नाही गंऽ!"

आणि खालून धुण्याच्या आवाजातून उत्तर यायचं,

"मग खाली ये कीऽ!"

मग राजकन्या चपला पायात अडकवायची आणि गड उतरायला लागायची.

तात्पर्य: एकटं उभं राहता येणं हे स्वातंत्र्य खरंच, पण 'करमत नाही' असं बिनधास्त म्हणता येणं हेही स्वातंत्र्यच. आणि कुणी तसं म्हणालं, तर खार आणायला धावू नका. आधी विचारा, कुणावाचून?